गुपचूप इंटरनेट वापरायचंय? या, बसा ओटीवर

आपण इंटरनेटवर काय बघतो ते कोणाला कळू नये असं वाटतंय ना? मग माझ्याइतका लायक सल्लागार सबंध मालवण तालुक्यात मिळायचा नाही. यंदा गणपतीच्या पाचव्या दिवशी, भजनाची बारी उसळ खाऊन उठायच्या आत माझं गुपित वाडीभर झालं होतं. तेव्हा अनुभवाचे बोल आहेत, नीट ऐका.

ब्राउझर निवडायच्या भानगडीत पडूच नका. मोबाईलबरोबर आला तोच देवानं दिलेला. फायरफॉक्स २००४ पासून आहे, ब्रेव्ह आहे, पण त्यातलं काही घेतलंत की भाचा विचारणार, "मामा, काय लपवताय?" त्यापेक्षा गूगलचा क्रोम बरा. जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीचा ब्राउझर तुमचा खासगीपणा नाही राखणार तर कोण राखणार? वाळत घातलेले बांगडे राखायला आपण मांजरच बसवतो की.

फारच गुपचूप काही बघायचं असेल तर इनकॉग्निटो, म्हणजे क्रोमची 'गुप्त' खिडकी, उघडा. काळा पडदा, वर टोपी आणि चष्मा. उघडल्या उघडल्या हेर झाल्यासारखं वाटतं. खाली लिहिलेलं असतं की तुम्ही जाता ती संकेतस्थळं, ऑफिस आणि इंटरनेट देणारी कंपनी यांना तुम्ही काय करता ते दिसू शकतं. ते वाचू नका. मी कधी वाचलं नाही.

आषाढात आमच्या माजघरावरची कौलं उडाली. सातबाऱ्यावर नावं एकवीस, शिडी लावून वर चढणारा मी एकटा. त्या रात्री सगळे निजल्यावर इनकॉग्निटो उघडलं आणि वडिलोपार्जित घराची वाटणी कशी मागतात त्याचे वकिलांचे व्हिडिओ बघत बसलो. दुसरा व्हिडिओ चांगला होता, म्हटलं पुढं कामाला येईल, जपून ठेवू. जपायला लॉगिन लागतं. केलं. मग रोज रात्री तेच. काळ्या पडद्याआड, स्वतःच्या नावानं. आणि तेच खातं ओटीवरच्या टीव्हीला जोडलेलं आहे, पोरानंच मागच्या मे महिन्यात जोडलंय, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

पाचव्या दिवशी वहिनीनं आरत्या लावायला रिमोट दाबला. पडद्यावर गजानन नव्हता. ओळीनं सात काळे कोट. भाऊ सही देत नसेल तर काय करावं, बहिणीचा हिस्सा किती, दावा कुठल्या कोर्टात. वहिनी म्हणाली, "भावजी, ह्या काय ता?" पखवाजवाल्याचा हात थांबला. डोंबिवलीहून आलेला दादा माटवीखाली उभा होता. त्यानं शांतपणे विचारलं, "हिस्सो कोणाक व्हयो रे?"

आता मला सांगा, टोपी-चष्म्याचं चित्र काढून 'गुप्त' म्हणायचं आणि आत लॉगिनचं बटण तसंच ठेवायचं, याला काय म्हणायचं? अमेरिकेत २०२० साली याच इनकॉग्निटोवरून गूगलवर खटला भरला गेला. २०२४ मध्ये तडजोड झाली आणि अब्जावधी नोंदी पुसून टाकायचं कंपनीनं कबूल केलं. पुसायच्या म्हणजे होत्या! आणि आम्ही इथं दाराला कडी लावून, आवाज बारीक करून, गोधडीत तोंड खुपसून बघतोय. अरे, गोधडीत कोण शिरणार होतं? गुपित तर वायफायवरून ओटीवर गेलं होतं, अनवाणी. असो. सल्ले राहिले.

कुकीजची, म्हणजे तुमचा माग ठेवणाऱ्या चिठ्ठ्यांची, पाटी आली की 'सगळं मान्य' दाबा. नाही म्हणणं आपल्या संस्कारात बसत नाही.

'डू नॉट ट्रॅक', म्हणजे 'माझा माग काढू नका', हे बटण चालू करा. 'येथे कचरा टाकू नये' या पाटीखाली जेवढा कचरा असतो तेवढाच उपयोग होतो. फायरफॉक्सनं तर ते बटणच २०२५ मध्ये काढून टाकलं.

व्हीपीएन, म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्याच्या सर्व्हरमधून वळवून नेणारा आडमार्ग, घ्यावा, आणि फुकटचाच घ्यावा. दुसऱ्याचा खर्च करून तुमचं गुपित राखणारी माणसं जगात भरपूर आहेत. ओनाव्हो नावाचं असंच एक फुकट ॲप होतं. फेसबुकनं ते २०१३ मध्ये विकत घेतलं आणि लोक कुठली ॲपं किती वापरतात ते त्यातूनच बघत बसले. २०१९ मध्ये गाशा गुंडाळला. पैसे देऊन घेणार असाल तर आपल्या सरकारची सायबर सुरक्षा बघणारी संस्था सर्ट-इन आहेच. ग्राहकाचं नाव, पत्ता आणि आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, पाच वर्षं जपून ठेवा असा आदेश तिनं २०२२ मध्ये काढला, तेव्हा दोन-चार मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. बाकी तुम्ही व्हीपीएन लावून नेहमीच्या मेलमध्ये शिरणारच आहात, मग सर्व्हर सिंगापूरला असो नाहीतर सावंतवाडीला.

अँटीव्हायरस टाकलाच असेल. अव्हास्तनं ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती विकली म्हणून २०२४ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६५ लाख डॉलर भरायची वेळ आली. राखणदारच तो, सगळं बघणारच.

आता शेवटचं अस्त्र, टॉर, म्हणजे तीन ठिकाणांवरून फिरवून पान आणणारा ब्राउझर. मूळ कल्पना १९९० च्या दशकातली, अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतली. समजा तुम्ही पार्सल एसटीनं पाठवलंत, तीन गाड्या बदलून. पहिल्या कंडक्टरला ठाऊक की दिलं कोणी, शेवटच्याला ठाऊक की जायचं कुठं, मधल्याला दोन्हीपैकी काही नाही. इतकी सुंदर सोय. तुम्ही काय करायचं, तर पार्सलवर स्वतःचं नाव, गाव, मोबाईल नंबर ठळक लिहायचा. म्हणजे टॉर उघडून फेसबुकला लॉगिन. शिवाय त्यात पाच-सहा एक्स्टेन्शनं, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या पुरवण्या, घालायची. टॉरमधले सगळे जण एकसारखे दिसावेत म्हणून त्या लोकांनी खिडकीच्या मापापर्यंत विचार केलाय. तुम्ही लग्नातल्या घोड्यासारखा तो सजवलात की हजारांत एकटे उठून दिसाल. आणि ते हळू चालतं म्हणून शिव्या घालायच्या. इथं पावसात साधा मेसेज जायला घराच्या मागच्या सड्यावर चढावं लागतं, तिथं तीन देश फिरून येणाऱ्या पानाला मात्र दोन सेकंद माफ नाहीत!

पुरे झालं. आता सरळ बोलतो.

मेल्यांनो, ब्राउझर कुठला हे विचारता, आणि प्रत्येक ठिकाणी 'गूगलनं साइन इन करा' दाबता? टॉर्चच्या ॲपला कॉन्टॅक्ट कशाला लागतात, हे एकदा तरी विचारलंत? फायरफॉक्स घ्या, त्यात जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन टाका. क्रोमनं ते बंद पाडलं, तेव्हाच कळायला हवं होतं. जे गुपचूप बघायचं त्यासाठी वेगळा ब्राउझर, आणि त्यात लॉगिन नाही म्हणजे नाही, मेल नाही, 'नंतर बघू' नाही. खरंच जीवावर बेतणारं काम असेल तर टॉर, जसा दिला तसा, हात न लावता. खात्यात जाऊन हिस्टरी थांबवा, जुनी पुसा. पाच मिनिटं लागतात. रिचार्जवर किती जीबी उरले ते दिवसातून चारदा बघता ना?

दादा विसर्जन करून गेला. फणसपोळी नेली नाही. कौलांचे पैसे मात्र त्यानं वहिनीच्या हाती ठेवले, मला न बोलता. तोंडावर मागितले असते तर कदाचित आषाढातच मिळाले असते, पण मला हेर व्हायचं होतं ना!

टीव्हीवरचं माझं खातं अजून तसंच आहे. हसताय काय? तुमच्या टीव्हीवर कोणाचं आहे? बघा जा आधी.