खुलासा: पपईच्या रसावर विसंबून स्टेंटच्या गोळ्या सोडू नका

देवगड-मालवणकडच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: स्टेंट (हृदयाची अरुंद रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवल्यावर कच्च्या पपईचा रस प्या, त्यातलं एन्झाइम रक्तवाहिनी साफ करतं, गोळ्या बंद करा. हे चुकीचं आहे. मी औषधशास्त्र शिकवते, हा भाग दरवर्षी वर्गात घेते. पपईतलं ते एन्झाइम म्हणजे पपेन, हे प्रथिन, ते बहुतेक पोटातच पचतं. स्टेंट बसवताना रक्तवाहिनीत छोटा फुगा फुगवतात, तेव्हा तिचं आतलं अस्तर खरवडतं. नायट्रिक ऑक्साइड (रक्तवाहिनी सैल ठेवणारा, प्लेटलेट चिकटू न देणारा वायू) बनवणारं एन्झाइम त्या अस्तरातच असतं, ते तिथे कमी पडतं. उलट मेटॅलोप्रोटिनेज (पेशींभोवतीची प्रथिनांची जाळी तोडणारी एन्झाइम) वाढतात आणि भिंतीतल्या स्नायूपेशींना आत सरकायला वाट करून देतात. उघड्या जागी प्लेटलेट (रक्ताची गुठळी करणारे रक्तातले सूक्ष्म कण) चिकटतात. अ‍ॅस्पिरिन त्यांचं सायक्लोऑक्सिजिनेज हे गुठळीला मदत करणारं एन्झाइम कायमचं बंद पाडतं, पण नव्या प्लेटलेट रोज तयार होतात, म्हणून गोळीही रोज. ती मध्येच सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीवावर बेतू शकतं. कृपया हा मेसेज पुढे पाठवू नका. कुणी गोळी थांबवली असेल तर आजच आपल्या डॉक्टरांना फोन करा.