‘मेड इन बांगलादेश’ या पट्टीबाबत खुलासा
कोल्हापुरातील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर असा मजकूर फिरतो आहे की, शर्टाच्या कॉलरखाली ‘मेड इन बांगलादेश’ अशी पट्टी असेल, तर कापसापासून काज-बटणापर्यंतचा सगळा पैसा त्याच देशाला मिळतो. हे बरोबर नाही. ती पट्टी सहसा शर्ट कुठे शिवला एवढेच सांगते. बांगलादेशात कापूस अगदी थोडा पिकत असल्याने तेथील उद्योग भारतासह अनेक देशांतून कापूस आणि सूत आयात करतो. आपल्या इचलकरंजीत यंत्रमागावर कापड विणले जाते, शिवणे हा निराळाच धंदा. कोणत्या देशाने श्रीमंत देशांना किती कापड-कपडे विकायचे याचा देशवार कोटा ठरवणारी, १९७४ पासूनची व्यवस्था २००४ अखेर संपली, त्यामुळे शिलाईवरचे ते बंधन गेले; पण सुळसुळीत कापड यंत्राला अजूनही माणसासारखे धरता येत नाही, म्हणून शिलाई स्वस्त मजुरीच्या मागे जाते.