मिरजेत कविता म्हणताना

तुम्ही छापलेल्या लेखातला कवी बारा वर्षांनी गावी परतून तिथल्याच वादकांच्या साथीने कविता म्हणतो, हे वाचताना मला माझी गेल्या हिवाळ्यातली संध्याकाळ आठवली. मी मिरजेची. पुण्यात कॅफेत माईकवर कविता म्हणते, टाळ्या पटकन मिळतात. मिरजेत तसं नाही. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, पण मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांच्या स्मरणार्थ आजही रात्ररात्र गाणं चालतं. तिथे बसून कान तयार झालेली माणसं त्या संध्याकाळी समोर होती. घसा कोरडा पडला होता माझा.

साथीला फक्त तंबोरा. सतारमेकर गल्लीतल्या एका काकांनी तो लावून दिला. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचा सुताचा धागा केसभर सरकवला आणि जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी आस, एकदम खुलली, खोली भरून गेली. मग म्हणाले, "पोरी, ओळ संपली की लगेच दुसरी धरू नकोस. षड्ज, तंबोऱ्याचा सा, ऐकू दे जरा." इतक्या कार्यशाळा केल्या, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री आईवरची कविता मी पहिल्यांदा थांबत थांबत म्हटली.

लेखात साथीदारांविषयी दोनच ओळी आहेत. त्यांच्यावर सविस्तर लिहा ना, मनापासून विनंती.