माळ घालण्याआधी दवाखाना

रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं, हे दारू सोडण्यावरच्या लेखातलं डॉक्टरांचं वाक्य गावोगावी पोचायला हवं. आमच्या परभणीकडे दारू सोडायची म्हणजे पंढरपूरला जाऊन माळ घालायची. माळेने माणसं सुधारलेली मी पाहिलीत, त्या श्रद्धेला माझं काही म्हणणं नाही. पण वर्षानुवर्षं पिणारा थांबला की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, फिट येते, नाही नाही ते दिसायला लागतं. माझ्या चुलत्यांचं तेच झालं. घरच्यांना वाटलं बाहेरची बाधा, म्हणून आधी देवरुष्याकडे नेलं. फिट आल्यावर जीप करून दवाखाना गाठला, म्हणून वाचले.

लेखात उपचारासाठी पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव आहे. १९८६ पासूनचं त्यांचं काम मोठंच, पण ऊसतोडीला जाणाऱ्या घराने तिथवर कसं पोचायचं? निदान १४४४६ हा व्यसनमुक्तीचा टोल फ्री नंबर तरी द्यायचा. आणि सुरुवातीचे धोक्याचे दिवस तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातच भरती करून घ्यावं, औषधं आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं तिथेच मिळावीत, ही मागणी डॉक्टरांनी लावून धरावी. आम्ही सोबत येतो.