बॅलन्सिंगने जुनी बॅटरी नवी होत नाही

‘लिथियम बॅटरी म्हातारी होत नाही, फक्त तिच्या सेलचा समतोल बिघडतो, मेलेल्या सेलला भरलेल्या सेलचा झटका द्या, मग तीन दिवस चार्जर लावून ठेवा, पॅक नव्यासारखा होईल,’ असा संदेश सगळीकडे फिरतो आहे. त्यावर विसंबून माझा धाकटा भाऊ विजेवरच्या सायकलचा पॅक उघडून, मल्टिमीटरवर 0.9 व्होल्ट दाखवणाऱ्या सेलला शेजारच्या 4.1 व्होल्टच्या सेलच्या तारा जोडायला निघाला होता, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

झटक्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. दोन्ही सेल आणि तारा यांचा एकूण रोध 0.1 ओहम धरला, तरी पहिल्या क्षणी 32 अँपिअर प्रवाह वाहील. असे सेल साधारण एक-दोन अँपिअरने चार्ज करायचे असतात. त्याहून मोठा धोका आत दडलेला असतो. सेल शून्याच्या आसपास किंवा त्याखाली गेला की ऋण इलेक्ट्रोडमागचा तांब्याचा वर्ख विरघळू लागतो, ते तांबे पुढे नको तिथे साचते आणि सेलच्या आतच शॉर्ट सर्किट होते. चिंग्हुआ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये ही प्रक्रिया प्रयोगांनिशी मांडली आहे. आज 0.9 व्होल्ट दाखवणारा सेल सायकल चालताना किती खाली गेला होता, हे मल्टिमीटर सांगत नाही. झटक्यानंतर व्होल्टेज चढते हे खरे, पण त्यालाच पुरावा मानून लोक तो सेल पॅकमध्ये परत बसवतात, याची मला भीती वाटते.

बॅटरी म्हातारी होत नाही, हे तर साफ खोटे आहे. वापराने आणि नुसत्या काळानेही इलेक्ट्रोडवर थर वाढतो, त्यात लिथियम अडकून पडते आणि ते बॅलन्सिंगने, म्हणजे सगळे सेल सारख्या पातळीपर्यंत भरून, सुटत नाही. एकसरीत जोडलेल्या 13 सेलपैकी बारांची क्षमता 2.5 अँपिअर-तास आणि एकाची 1.8 असेल, तर नेहमीच्या बीएमएसने (पॅकमधल्या सेलवर लक्ष ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटने) कितीही समतोल साधला तरी पॅक 1.8 च देणार.

एवढे मात्र मान्य करावे लागेल की सेलची क्षमता सारखी असून एखादा नुसता मागे पडला असेल, तर बॅलन्सिंगने खरोखर फरक पडतो. 0.3 अँपिअर-तासाची तफावत 50 मिलिअँपिअरने भरून काढायला सहा तास लागतात, म्हणजे एखादी रात्र पुरते, तीन दिवस नव्हे. आणि तेही बीएमएस बॅलन्सिंग करणारे असेल तरच.

मेलेला सेल बाजूला काढून भावाने आता उरलेले सेल एकेक पूर्ण भरून, ठरलेल्या प्रवाहाने 2.5 व्होल्टपर्यंत उतरवून त्यांची क्षमता मोजायला घेतली आहे. संदेशात नेमकी हीच मोजणी कुठेही सांगितलेली नाही.