‘दिवसभर व्हॉलीबॉल आणि झोप’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा त्यात तीन मुद्दे दिसले. अग्निशमन दलाचे जवान चोवीस तासांच्या ड्युटीत बहुतेक वेळ व्हॉलीबॉल खेळतात आणि झोपतात, हा पहिला. दुसरा, मी लेखात धुरात जाताना पाठीवर लावायच्या श्वसनयंत्राचा हवेचा सिलिंडर 45 मिनिटं पुरतो असं लिहिलं, पण तुम्ही पाहिलेल्या आगीत दोघंजण वीस मिनिटांत बाहेर आले, म्हणजे कामचुकारपणा. आणि तिसरा, आग दिसत असूनही ते बंद दारासमोर ‘नुसते बसून’ राहिले.

आधी सिलिंडरचं बघू, कारण तिथे चूक माझी आहे. 6.8 लिटरचा सिलिंडर 300 बार दाबाने भरला की त्यात साधारण 2000 लिटर हवा मावते. माणूस मिनिटाला 40-45 लिटर हवा घेतो असं धरलं की 45 मिनिटं येतात. हा झाला कागदावरचा हिशेब. पाठीवर हे यंत्र, अंगात जाड कोट आणि हातात पाण्याने भरलेला होज (पाइप) घेऊन जिना चढणारा माणूस याच्या दुप्पट हवा सहज ओढतो. त्यातली सगळी हवा कामासाठी नसतेच. आत जायला जितकी लागली तितकी परतायला लागणार, वर थोडी अडीअडचणीला. दाब 50-55 बारपर्यंत उतरला की शिटी वाजते, पण ती वाजायच्या आत दाराबाहेर असायचं, असं शिकवतात. त्यामुळे ते दोघं वीस मिनिटांत आले याचा अर्थ त्यांनी दाबमापकाकडे लक्ष ठेवलं होतं, इतकाच मी लावेन.

आता दार. बंद खोलीतली आग बऱ्याचदा हवेवाचून घुसमटलेली असते. ज्वाळा मंदावतात, पण तापलेला, जळाऊ धूर खोलीभर साठून राहतो. अशा वेळी धाडकन दार उघडलं की हवा आत शिरते आणि तो धूर एकदम पेट घेऊन दारातून बाहेर झेपावतो. म्हणून आधी दाराला हात लावून ते किती तापलंय ते बघायचं, फटीतून धूर कसा येतोय ते बघायचं, होजमध्ये पाणी आल्याची खात्री करायची आणि दाराच्या आडोशाला खाली बसायचं. तुम्हाला दिसलं ते ‘बसणं’ हेच. शिवाय पाणीही हवं तसं मारता येत नाही. एक लिटर पाण्याची सुमारे 1700 लिटर वाफ होते. कोंडलेल्या खोलीत भरमसाट फवारा मारला तर त्या वाफेत आधी आपलीच माणसं भाजतात. ब्रँच, म्हणजे होजच्या तोंडाची तोटी, थोडी उघडायची, लगेच बंद करायची, वरच्या धुराचं काय होतंय ते बघायचं. हे ऐकायला सोपं आहे. धुरात गुडघ्यांवर रांगताना, हातमोजे घालून ते जमायला शेकडो वेळा केलेलं असावं लागतं.

भरती झाल्यावर मला पहिल्यांदा धुराच्या खोलीत सोडलं तेव्हा मी होजवरचा हात सोडला होता. जेमतेम दोन मीटरवरचं दार मला सापडेना. आग नव्हती, सामान नव्हतं, होता फक्त सरावासाठी सोडलेला धूर. प्रशिक्षकांनी कॉलर धरून बाहेर काढलं आणि काही न बोलता पुन्हा आत पाठवलं. त्यानंतर महिनाभर मास्कची काच झाकून होज चाचपत रांगायचं, कपलिंगवर (दोन होजच्या जोडावर) बोटं फिरवून बाहेरची दिशा ओळखायची, एवढंच केलं. गाठींचंही तसंच. उजेडात टेबलावर कोणीही गाठ मारेल, आम्हाला ती पाठीमागे हात नेऊन मारायला लावायचे.

वजनाची कल्पना यावी म्हणून सांगतो. 63 मिलिमीटर व्यासाचा, 15 मीटर लांबीचा होज भरला की त्यात जवळपास 47 लिटर पाणी असतं. रिकामा असताना काखेत गुंडाळी मारून नेता येतो. भरल्यावर ओंडक्यासारखा ताठ होतो, आणि तो वळणावरून ओढत न्यायचा असतो.

राहिलं व्हॉलीबॉल. हो, खेळतात. रात्री वर्दी (आगीचा किंवा मदतीचा कॉल) नसली तर झोपतातही, आणि झोपावंच. गाढ झोपेतून घंटा वाजली की मिनिटभरात कपडे चढवून गाडीत बसायचं आणि काही मिनिटांत पूर्ण ताकदीने काम सुरू करायचं, याचा मार हृदयावर बसतो. अमेरिकेतल्या फायरमनवरचा 2007 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यांच्या कामाच्या वेळेपैकी प्रत्यक्ष आग विझवण्यात जेमतेम 1 ते 5 टक्के वेळ जात होता, पण ड्युटीवर हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे 32 टक्के त्या कामाशी जोडलेले निघाले. तेव्हा ते व्हॉलीबॉल मला तरी चैन वाटत नाही. परत आल्यावर काजळी लागलेले कोट धुवायचे, सिलिंडर भरायचे, होज वाळत घालायचे, हे तर कुणाला दिसतही नाही. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फायरमनचं काम कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पहिल्या गटात टाकलं, तेव्हापासून मी त्या कोट धुण्याबद्दल जास्तच काटेकोर झालोय.

पण एका बाबतीत तुमचा संशय खरा आहे. ड्रिल कागदावर होण्याचे प्रकार घडतात. मी एका ठिकाणी काही महिने होतो, तिथे रजिस्टरमध्ये दर आठवड्याला ‘शिडी ड्रिल’ लिहिलं जायचं आणि शिडी गाडीवरून उतरायची नाही. एका वर्दीला ती खरोखर लागली तेव्हा सरकत्या भागाचं कुलूप गंजून बसलेलं निघालं. दुसरी गाडी येईपर्यंत वर खिडकीतली बाई हात हलवत होती. ती वाचली. त्या रजिस्टरवर माझीही सही होती.

म्हणून एक सुचवतो. तुमच्या जवळच्या केंद्रात सकाळी ड्युटी बदलताना जा. रीतसर परवानगी मागितली तर बहुतेक ठिकाणी बघू देतात. हजेरी झाल्यावर पंप चालू करून बघतात का, मास्क तोंडाला लावून तपासतात का आणि शिडी खाली उतरते का, ते बघा. उतरली नाही तर परत इथे येऊन लिहा, त्या वेळी मी तुमच्या बाजूने भांडेन.