समासातला माणूस

रक्ताचा थेंबही न सांडता झालेला खून वाचायला मला फार आवडतो. इंग्रजीत या प्रकाराला ‘कोझी मिस्ट्री’ म्हणतात. कोझी म्हणजे उबदार. खून आणि उबदार! पण आहे खरं तसंच. चिमुकलं खेडं, सगळे सगळ्यांना ओळखणारे, खून पडद्याआड उरकलेला, आणि मेलेला माणूस असा की त्याच्यासाठी डोळ्यांतून टिपूस काढायची गरज पडू नये. तपास करणार कोण, तर पुस्तकांचं दुकान चालवणारी, मांजर पाळलेली, नको तिथे नाक खुपसणारी एक गोड बाई. पहिल्या प्रकरणात इन्स्पेक्टर तिला ‘तुम्ही यात पडू नका’ म्हणून दटावतो आणि शेवटच्या प्रकरणात ती बोट दाखवेल त्याला मुकाट बेड्या घालतो.

वाचायला छान, अशा गावात राहायला मात्र मी जाणार नाही. एका अमेरिकी मालिकेतली लेखिकाबाई १९८४ ते १९९६ अशी बारा वर्षं, २६४ भाग, खुनांचा छडा लावत होती. त्यातले कितीतरी खून तिच्याच छोट्याशा गावात. बाई असते तिथेच माणसं कशी मरतात, असं कुणाच्याच मनात येत नाही! मी इन्स्पेक्टर असतो तर आधी तिलाच आत टाकलं असतं.

परवा रविवारी कपाटाच्या मागच्या रांगेत अशीच एक कादंबरी हाताला लागली. कुणी कधी आणून ठेवली देव जाणे. फोन दुसऱ्या खोलीत टाकला, पाय पांघरुणात घेतले आणि बसलो. अठराव्या पानावर कर्नलसाहेब चहाचा घोट घेऊन खुर्चीतच कलंडले. तेविसाव्या पानावर माळी आला. माळ्याच्या नावाखाली पेन्सिलीची जाड रेघ आणि समासात दोन शब्द: ‘हाच तो!’

पुस्तक मिटलं. पाणी प्यायलो. पुन्हा उघडलं. रहस्यकथेच्या तेविसाव्या पानावर खुन्याचं नाव फोडणाऱ्या माणसाला कायद्यात शिक्षा नाही, ही कायद्याची त्रुटी आहे.

पण एकेचाळिसाव्या पानावर भाचीच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘नाही, ही!’ सदुसष्टाव्या पानावर डॉक्टरभोवती गोल आणि ‘विष याच्याकडेच!’ नव्वदाव्या पानावर नुसतंच ‘आता कळलं!!’ काय कळलं, त्याचा पत्ता नाही.

आता मी दोन रहस्यं एकदम वाचत होतो. कर्नलला कुणी मारलं, आणि हा पेन्सिलवाला कोण? पेन्सिल इतकी दाबलेली की अक्षरं पानामागे उमटलेली. म्हणजे आत्मविश्वास दांडगा. ‘कळलं’मधला ळ तर आडव्या पडलेल्या चष्म्याला शेपूट फुटावं तसा. असला माणूस आयुष्यात कधी बरोबर निघाला नसणार. तो ज्याला धरेल त्याला आपण सोडायचं, असं मी ठरवलं. पण जमेना. माझ्या मनात डॉक्टर यायचा, आणि पान उलटावं तर समासात डॉक्टर हजर!

रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्रीबुवांनी १९२९ साली रहस्यकथाकारांना दहा आज्ञा घालून दिल्या होत्या. गुप्त खोली किंवा भुयार एकाहून जास्त नको. जुळे भाऊ आयत्या वेळी आणायचे नाहीत. गुन्हेगार सुरुवातीलाच भेटायला हवा, पण त्याच्या मनातलं वाचकाला सांगत बसायचं नाही. गुप्तहेराने स्वतः गुन्हा करायचा नाही. मला झोंबते ती नववी: गुप्तहेराच्या भोळ्या मित्राची अक्कल सर्वसाधारण वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचित कमी असावी. मला आजवर एकही असा मित्र भेटलेला नाही. सगळे माझ्यापुढे. पेन्सिलवाल्याच्या रूपाने तो आता भेटला होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याची सवय झाली होती.

शेवटी बाईंनी सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं. खुनी निघाली पाद्र्याची बहीण. आम्ही दोघांनीही तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आणि त्याच्याखाली समासात, ठळक अक्षरात: ‘मला पहिल्यापासून वाटतच होतं.’

हे फार झालं. मी पुस्तक घेऊन तरातरा आईकडे गेलो. ती विणत बसली होती. “बघ, काय निर्लज्ज माणूस आहे!”

अगाथा ख्रिस्तीबाईंची मिस मार्पल खुनी ओळखते ती काही भिंग लावून नाही. ‘हा आमच्या गावातल्या अमक्यासारखा वागतो,’ एवढ्यावर तिचं काम होतं. माझी आई बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली आहे. तिने पानं चाळली, चष्मा वर सरकवला.

“उत्तर येत नसताना पहिला हात वर करणारा असतो ना एक, तसा आहे हा.”

“तेच म्हणतोय मी!”

“आणि हा ळ. तिसरीत पन्नास वेळा लिहून घेतला होता मी. पन्नासही असेच.”

“कुणाकडून?”

सुया थांबल्या नाहीत. तिने फक्त कोऱ्या पहिल्या पानाकडे हनुवटी केली. वरच्या कोपऱ्यात माझं नाव होतं. खाली २०११.

“वाच म्हणून तूच दिलं होतंस मला,” आई म्हणाली. “पाद्र्याची बहीण ना?”

म्हणजे नॉक्सबुवांच्या दोन आज्ञा मी एका दुपारीत मोडल्या होत्या. खोडरबर शोधायला उठलो. मग विचार बदलला. पेन्सिलीला टोक केलं, तेविसावं पान काढलं आणि माळ्याच्या नावापुढच्या ‘हाच तो!’च्या खाली दाबून लिहिलं, ‘नक्की!!’ पुस्तक परत मागच्या रांगेत सारलं. पुढच्या खेपेलाही मजा राहिली पाहिजे.